आखाजी (अक्षय्य तृतीया) ते मृग: ४५ अंशात परसात काय काय करता?

चोपडेकर_परत | २८ एप्रिल, रात्री ९:४०

मंडळी, सव्वीस वर्षं पुण्यात नोकरी करून मार्चअखेर मोकळा झालो आणि आईजवळ गावी येऊन राहिलो आहे. जळगाव जिल्ह्यातला चोपडा तालुका, तापी फार लांब नाही. घरामागे पाच-सहा गुंठे परस आहे. गावात सगळे त्याला खळंच म्हणतात, कारण पूर्वी तिथे बैल आणि कडबा असायचा. वडील होते तोवर मागे पाय ठेवायला जागा नव्हती इतकी झाडं होती. आता उरलंय ते असं: दोन निंब, एक शेवगा, एक चाफा, भिंतीलगत मोगरा आणि वडिलांनी लावलेलं लिंबू.

लिंबाचीच खरी काळजी आहे. अर्धी पानं गळाली, उरलेली होडीसारखी वळली आहेत. खोडावर जमिनीपासून वीतभर उंचीवर डिंक ओघळलाय. रोज सकाळी एक बादली पाणी घालतो, फरक नाही. कोपऱ्यात जुना आड आहे, पंधरा वर्षांपासून घराची कचराकुंडी झालेला.

मे अख्खा आणि अर्धा जून हाताशी आहे. मनातली यादी: आंबा, चिकू, सीताफळ लावणे, मागच्या ओट्यापुढे थोडी हिरवळ, ठिबक, आडाची सफाई आणि सगळ्या परसावर हिरवी नेट. गावात ज्याला विचारावं तो म्हणतो, "आता काही करू नको, मृगाला बघू." पण दीड महिना कूलरसमोर बसून काय करायचं? सुरुवात कुठून करू?

दगडी_बंगला | २८ एप्रिल, रात्री १०:०२

वाचतोय. आमच्याकडेही हीच परिस्थिती आहे, फक्त परस नाही आणि लिंबू नाही.

निंबोळी_जळगाव | २८ एप्रिल, रात्री १०:३१

यादीतलं पहिलं, म्हणजे लावणी, तेवढं सोडून बाकी सगळं करा. गावकरी बरोबर सांगतायत, फक्त अर्धंच सांगतायत. उन्हाळ्यात आपल्याकडे झाड लावायचं नसतं, पण खड्डा मात्र उन्हाळ्यातच खणायचा असतो. तीन फूट लांब-रुंद-खोल खणा. वरची एक फुटाची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला टाका आणि तीन-चार आठवडे खड्डा तसाच उघडा तापू द्या. बुरशी, हुमणीच्या अळ्या, तणाचं बी, बरंच काही उन्हातच मरतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात वरची माती, कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड मिसळून भरा. जमिनीपेक्षा थोडा उंच भरा, पहिल्या पावसात तो वीतभर बसतो. कच्चं शेण चुकूनही टाकू नका.

आता लिंबू. डिंक ओघळतोय म्हणजे डिंक्या. दोन प्रश्न आहेत: पाणी खोडाशीच ओतता का? आणि खोडाभोवती मातीचा ढीग आहे का?

चोपडेकर_परत | २८ एप्रिल, रात्री १०:४४

दोन्हीचं उत्तर हो. उलट मी आल्यावर माती आणखी चढवली. मुळं झाकली जावीत म्हणून.

निंबोळी_जळगाव | २८ एप्रिल, रात्री ११:१०

उद्याच ती माती उतरवा. जिथून मुळं फुटतात तो भाग मोकळा दिसला पाहिजे. लिंबाला दुहेरी आळं करतात: खोडाभोवती फूट-दीड फुटाचा मातीचा कोरडा गोल बांध, आणि त्याच्या बाहेर, जिथवर फांद्यांची सावली पडते तिथवर दुसरा. पाणी दोन्हींच्या मधल्या पाळीत. खोड ओलं व्हायलाच नको.

डिंक चाकूने खरवडून काढा, खालची साल तपकिरी सडलेली असेल तर तीही, चांगली साल लागेपर्यंत. मग बोर्डो पेस्ट. शेतात मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो आणि पाणी १० लिटर असं प्रमाण घेतात. तुम्हाला १०० ग्रॅम, १०० ग्रॅम, १ लिटर पुरे. मोरचूद अर्ध्या पाण्यात एका प्लास्टिकच्या बादलीत, चुना उरलेल्या अर्ध्यात दुसरीत, मग दोन्ही एकत्र ओता. लोखंडी भांडं नको. झाल्यावर विळ्याचं पातं मिनिटभर बुडवून पाहा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत ब्रशने लावा, त्याच दिवशी संपवा. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा.

आणि रोजची एक बादली म्हणजे एवढ्या झाडाला चूळ भरल्यासारखं आहे. वरची चार बोटं ओली होतात आणि दुपारी बारापर्यंत उडून जातात. त्यापेक्षा चार-पाच दिवसांनी एकदा, संध्याकाळी, पाळी पूर्ण भरून द्या.

पांझराकाठ | २९ एप्रिल, सकाळी ६:१५

हाई बठ्ठं खरं से. पन भाऊ, आधी पानीनी गोट करा. तुमना गावले नळ कितला दिनमा येस? आमनाकडे आठ दिनमा एक खेप, तिबी रातना दोनले.

चोपडेकर_परत | २९ एप्रिल, सकाळी ६:४०

दोन दिवसांआड, पाऊण तास. बोअर आहे, पण ती मे महिन्यात गुळण्या टाकते.

कर्वेरोड_ते_अमळनेर | २९ एप्रिल, सकाळी ९:२०

हिरवळीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून बोलतो. जरूर करा. आम्ही सोसायटीत केली आहे. संध्याकाळी खुर्ची टाकून बसायला काय मजा येते! थोडं पाणी लागतं इतकंच.

रावेर_केळी | २९ एप्रिल, दुपारी १:०५

कायले रे भो हिरवळ! लॉन पाहायचं तर लग्नाच्या हॉलवर जाऊ, जेवणही मिळते.

हिशेबी_मास्तर | २९ एप्रिल, दुपारी ४:३०

"थोडं पाणी" किती ते मोजू. मी भूगोल शिकवायचो, निवृत्तीनंतरही खोड गेली नाही. गेल्या मे महिन्यात गच्चीवर पसरट घमेल्यात पाणी भरून आत पट्टी उभी केली होती. दिवसाला एक सेंटीमीटर उतरायचं, लू सुटली की त्याहूनही जास्त. एक सेंटीमीटर म्हणजे चौरस मीटरला दहा लिटर. गवत घमेल्याइतकं पीत नाही, तरी सात-आठ लिटर धरा. दहा बाय दहा मीटरच्या हिरवळीला रोज सात-आठशे लिटर झाले. चोपडेकरांच्या नळाला दोन दिवसांआड पाऊण तास पाणी. पुढचं गणित विद्यार्थ्यांनी सोडवावे.

कर्वेरोड_ते_अमळनेर | २९ एप्रिल, सायं. ५:०२

माझे शब्द मागे. खुर्ची टाका, हिरवळ नको.

साक्रीकर | २९ एप्रिल, रात्री ९:५०

पाण्यावरून आमच्याकडची फड पद्धत आठवली. पांझरा, मोसम, आराम या नद्यांवर जुने बंधारे आहेत, तीन-चारशे वर्षं मागे जाणारी व्यवस्था. बंधाऱ्यातून पाट निघतो आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले असतात. एका फडात एका हंगामात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, मग पाण्याची पाळीही सगळ्यांची एकच. पाणी देणार पाटकरी, शेतकऱ्याने स्वतःच्या मनाने बारं (पाटाचं तोंड) फोडायचं नाही. माझे आजोबा सांगायचे की सख्ख्या भावांत वाटणीवरून बोलणं बंद असायचं, पण पाण्यावरून भांडण नाही.

हे इथे सांगायचं कारण असं की मी घरच्या बागेत तेच केलं. पूर्वी मोगऱ्याशेजारी अळू, अळूशेजारी कोरफड, त्यापलीकडे पुदिना असं जिथे जागा दिसेल तिथे लावलं होतं. पुदिन्याला पाणी द्यायचं म्हणून कोरफड सडवली. आता परसाचे तीन फड आहेत. मोरीच्या पाण्यावर केळी, अळू आणि कर्दळ. घराजवळ, रोज हात फिरतो तिथे, पुदिना, कोथिंबीर, गोडनिंब (कढीपत्ता). लांब कुंपणाशी कण्हेर, बोगनवेल, सीताफळ, म्हणजे आठवड्याला एकदा दिलं तरी न कुरकुरणारी मंडळी. पाटकरी मीच, पण बारं बायकोच्या हातात आहे.

निंबोळी_जळगाव | २९ एप्रिल, रात्री १०:१५

साक्रीकर, फारच पटलं. एक भर: मोरीचं पाणी चालतं, पण कपड्याच्या सोड्याचं आणि फिनेलचं वेगळं सोडा. आरओतून बाहेर टाकलेलं पाणी आणि कूलरच्या टाकीतलं तळाचं पाणी कुंड्यांना घालू नका. कूलरमध्ये पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. माझ्या दोन मोगऱ्यांच्या पानांच्या कडा जळाल्या तेव्हा कळलं. एसीच्या नळीचं पाणी मात्र बिनधास्त घाला.

खापरावरची | ३० एप्रिल, सकाळी ११:००

सगळ्या परसावर हिरवी नेट टाकायचं आईंना विचारलंत का, चोपडेकर दादा? त्या कुरडया कुठे घालणार?

चोपडेकर_परत | ३० एप्रिल, दुपारी १२:२०

ताई, तुम्ही आमच्या घरात कॅमेरा बसवला आहे का? काल नेटचं माप घेत होतो. आई मागच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "गहू परवा भिजवला आहे, उद्या चीक निघेल. तुझ्या झाडांना सावली पाहिजे, माझ्या कुरड्यांना ऊन पाहिजे. घर कोणाच्या नावावर आहे?" माप गुंडाळून ठेवलंय.

खापरावरची | ३० एप्रिल, दुपारी १२:५५

:) कुरडयांनंतर बिबडे असतील, मग उडदाचे पापड, मग शेवया. आमच्याकडे बिबड्यांना ज्वारी तीन दिवस भिजते, चौथ्या दिवशी पहाटे चुलीवर भलंमोठं पातेलं चढतं. पीठ हाटायला दोघी लागतात, आणि हाटणारीच्या कपाळाचा घाम पातेल्यात पडू नये म्हणून तिसरी पदर घेऊन उभी. ओल्या धोतरावर आठ वाजायच्या आत सगळे घालून झाले पाहिजेत, कारण नंतर हाताला चटका बसतो. दुपारी चारला धोतर उलटं करून मागून पाणी शिंपडलं की बिबडे सुटतात. तेच पाणी खाली मोगऱ्याला. आमच्या परसाचं उन्हाळ्यातलं मुख्य पीक हेच आहे, बाकी झाडं नंतर.

वाटसरू | ३० एप्रिल, दुपारी १:१०

गरम गरम बिबड्याचं पीठ वाटीत घेऊन वर तेल आणि तिखट. बस, धागा इथेच संपवा.

हिशेबी_मास्तर | ३० एप्रिल, सायं. ६:००

नेटवर तोडगा आहे, आणि तो सूर्यानेच दिला आहे. आपण साधारण २१ अक्षांशावर आहोत. २५ ते २७ मेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो, खांबाची सावली पायाशीच संपते. तिथून जुलैच्या मध्यापर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला असतो. म्हणजे "उत्तरेच्या भिंतीशी कायम सावली" हे पुस्तकातलं वाक्य असेलही, आपल्या मे-जूनमध्ये दुपारी ते चालत नाही.

पण झाडं खरी भाजतात ती दुपारी दोन ते पाच, पश्चिमेच्या उन्हाने आणि त्याच दिशेच्या लू ने. म्हणून नेट छतासारखी न टाकता पश्चिमेला पडद्यासारखी उभी बांधा, पन्नास टक्के सावलीची. दीड-दोनचा सूर्य कलला की तिची सावली आत सरकत येते. आईंचा ओटा सकाळी सहा ते दुपारी एक मोकळा राहील. मोगऱ्यावर नेट घालूच नका, त्याला ऊन लागतं, न मिळालं तर नुसती पानं वाढतील.

रावेर_केळी | ३० एप्रिल, रात्री ८:३०

मास्तर बराबर. आम्ही केळीले हेच करतो. बागेच्या पश्चिमेले आणि दक्षिणेले शेवरी नाहीतर गजराज गवताची दाट ओळ. नाहीतर लू ने पानं फाटून चिंध्या होतात. नेट बांधाल तर वरच्या दोरीले गाठ अशी मारा की एका झटक्यात सुटेल. मे-जूनची वावटळ आली की नेट शिडासारखी फुगते, बांबूसकट उपटून शेजारच्या घराच्या धाब्यावर (छतावर). मागल्या साली एका रात्रीत माझी निसवलेली बाग आडवी झाली, घड जमिनीवर. त्याच्यापुढे नेट काय चीज आहे.

अजून एक फुकटचं. कापणी झालेल्या बागेतून केळीची खोडं आणा, कोणी नाही म्हणत नाही. हातभर तुकडे करून उभे चिरा आणि लिंबाच्या आळ्यात चिरलेली बाजू खाली करून मांडा. खोडात पाणीच पाणी असते. पंधरा दिवस खालची माती गार राहते आणि नंतर त्याचंच खत. वरून गव्हाचं भुसकट टाका.

खाडीकाठची | १ मे, सकाळी १०:४०

आमच्या कोकणात कुठलीही काठी रोवली तरी फुटते. तुम्ही लोक झाडासाठी इतकं करता हे वाचून डोळे पाणावले.

रावेर_केळी | १ मे, सकाळी १०:५२

ते पाणी वाया घालवू नका, लिंबाले टाका.

माहेर_शिरपूर | १ मे, दुपारी ३:१५

सगळे पाणी-खत करतायत आणि दहा दिवसांवर आखाजी आहे त्याचं काय? दोन निंब आहेत म्हणता, तर एकाच्या आडव्या फांदीला झोका बांधला की नाही? गावातल्या माहेरवाशिणी कुठे जाणार? आमच्या लहानपणी ज्याच्या खळ्यात निंबाची आडवी फांदी, त्याच्या घरी आखाजीला पोरींची रांग. दोन बाजूंना दोघी उभ्या, मध्ये लहानीला बसवायचं, आणि झोका इतका चढवायचा की वरच्या निंबोळ्या डोक्याला लागायच्या. संध्याकाळी गौराईची गाणी. घागरीवर ठेवायला डांगर (खरबूज), घरात खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. मी गेली बारा वर्षं सुरतेला आहे. इथल्या फ्लॅटच्या बाल्कनीत स्टीलचा झोपाळा आहे, त्याला साखळ्या आहेत. चढवता येत नाही, नुसता डुलतो.

चोपडेकर_परत | १ मे, सायं. ७:३०

शिरपूर ताई, फांदी आहे, पण शेजारी म्हणतात तीच तोडा. पानं त्यांच्या गच्चीवर पडतात आणि त्यांच्याही कुरडया असतात.

निंबोळी_जळगाव | १ मे, रात्री ८:००

तोडू नका. त्यांना सांगा, मार्च-एप्रिलची पानगळ संपली, आता नवी पालवी आहे. आणि जूनमध्ये पिकलेल्या निंबोळ्या पडायला लागल्या की गोळा करून गर काढा, सावलीत वाळवा. पाच टक्के अर्काला शंभर लिटर पाण्यात पाच किलो पूड लागते, घरासाठी लिटरला पन्नास ग्रॅम. रात्रभर भिजवून फडक्याने गाळा, चमचाभर साबण घालून फवारा. लिंबावरची नागअळी आणि मावा दोन्हींवर चालतो. एक बाटली शेजाऱ्यांना द्या. वाद मिटवायला याहून कडू काही मिळणार नाही.

डॉ_ताक | २ मे, सकाळी ७:१०

झाडांचं झालं, आता माळ्याचं. नऊच्या आत घरात. टोपी नको, ओला पंचा डोक्याला. खिशातल्या कांद्याने काही होत नाही, तो ताकात चिरून घाला. घाम थांबला, अंग तापलं आणि माणूस असंबद्ध बोलू लागला तर ते दमणं नव्हे, उष्माघात. सावलीत आणून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि तडक दवाखाना. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

वाटसरू | २ मे, सकाळी ७:४५

असंबद्ध बोलणं हे लक्षण असेल तर या संस्थळावर निम्म्या लोकांना ताबडतोब ॲडमिट करावं लागेल. हलके घ्या.

चोपडेकर_परत | १२ मे, रात्री ९:१५

हिशेब देतो. लिंबाची माती उतरवली. दोन बोटं जाड साल सडलेली निघाली, बोर्डो लावला, पहिल्यांदा चुना कमी पडला होता, विळा तांबडा झाला. केळीची खोडं मांडली. नेट पश्चिमेला उभी आहे, आईने मंजूर केली. आखाजीला झोका बांधला. शेजाऱ्यांची सूनच पहिली येऊन बसली, त्यामुळे फांदीचा विषय तूर्त बंद.

चार खड्डे खणायला पाच सकाळी लागल्या. काळी माती म्हणजे दगड. पहार मारली की नुसती ठिणगी. मग एका म्हाताऱ्या सालदाराने सांगितलं, आदल्या संध्याकाळी खड्ड्याच्या जागी दोन बादल्या ओतून पोत्याने झाकून ठेव. दुसऱ्या दिवशी लोण्यासारखी नाही, पण चक्क्यासारखी तरी निघाली. जमिनीला मनगट जाईल एवढ्या भेगा आहेत, त्या खुरपून बुजवल्या.

ठिबकाला प्रश्न आहे. पाच फुटी स्टँडवर दोनशे लिटरचा पिंप ठेवून चार लिटरचे ड्रिपर जोडले. शेवटच्या ड्रिपरला दोन तासांत फुलपात्र भरलं नाही.

रावेर_केळी | १२ मे, रात्री ९:४०

दाब कुठे आहे? दहा मीटर उंचीले एक बार. पाच फुटाले दीड दशांश. त्या ड्रिपरले एक बार लागतो. गच्चीवरच्या टाकीतून जोड, नाहीतर ड्रिपर काढून बारीक मायक्रोट्यूब टाक, पिंपावर तीच चालते. आणि फिल्टर लाव, नाहीतर जूनपर्यंत सगळे बुजतील.

पांझराकाठ | १३ मे, सकाळी ६:३०

माठ गाडा माठ. बिनभाजलेला नाही, साधा लाल माठ, गळणारा. गळ्यापर्यंत लहान झाडाच्या बाजूला पुरायचा, भरायचा, वर परळ झाकायचं. तीन-चार दिवस माती स्वतःच पाणी ओढून घेते. ना दाब, ना फिल्टर. लाखेचा रंग दिलेला माठ आणू नका, तो झिरपत नाही.

चोपडेकर_परत | २२ मे, रात्री १०:००

आता आड काढायला घेतोय. दोन मजूर सांगितले आहेत, पंचवीस फूट खोल असावा.

साक्रीकर | २२ मे, रात्री १०:०८

थांबा. कोणालाही आत सोडू नका. बंद पडलेल्या, कचरा कुजलेल्या आडात तळाला प्राणवायू नसतो, विषारी वायूही असतात. आमच्या ओळखीत पहिला उतरला तो पडला, त्याला काढायला दुसरा उतरला, तोही. आधी दोन-तीन दिवस तोंड पूर्ण उघडं ठेवा, मग मोठा पाइप तळाशी सोडून ब्लोअरने तासभर हवा मारा. दोरीला कंदील बांधून तळापर्यंत सोडा. विझला तर उतरायचं नाही. विझला नाही तरी विषारी वायू नाही असं सिद्ध होत नाही, त्यामुळे हवा चालूच ठेवायची, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन धडधाकट माणसं. जमेल तेवढा कचरा वरूनच गळाने काढा. आणि कडेच्या विटांच्या ढिगात हात घालू नका, विंचू गारव्याला तिथेच असतो.

चोपडेकर_परत | ३० मे, रात्री ९:३०

साक्रीकर, तुमचे आभार कसे मानू. पहिला कंदील पंधरा फुटांवर विझला. मजुरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ब्लोअर आणला, दोन दिवस हवा मारली, बराचसा माल गळानेच काढला. सात ट्रॉल्या निघाल्या. प्लास्टिक, फुटके रांजण, कुणाची तरी शाळेची पाटी, रहाटाचं चाक. चाकाला तेल दिलं, अजून फिरतं.

आणि तळाच्या गाळात एक पितळी तांब्या. आईने हातात घेतला, पदराने पुसला, बुडाशी कोरलेलं नाव वाचलं आणि ओट्यावर बसलीच. हा तांब्या १९८७ साली हरवला होता. तेव्हापासून घरात पक्कं होतं की तो धाकट्या काकूने माहेरी नेला. काकू वेगळी राहायला गेली त्यात या तांब्याचाही वाटा होता.

माहेर_शिरपूर | ३० मे, रात्री ९:४१

अग्गं बाई!

वाटसरू | ३० मे, रात्री ९:४४

सदतीस वर्षं! एवढ्यात तर खटलाही निकाली निघतो.

खापरावरची | ३० मे, रात्री ९:५०

काकू आहेत का? फोन केला का?

चोपडेकर_परत | ३० मे, रात्री १०:०५

आहेत, पारोळ्याला. आई काही बोलत नाही. तांब्या देवघरात ठेवलाय, उलटा.

हिशेबी_मास्तर | ३१ मे, सकाळी ८:००

पुढचं काम घ्या. स्लॅब किती आहे? हजार चौरस फूट धरला तर ९३ चौरस मीटर. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी सातशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे छतावर पासष्ट हजार लिटर, गळती-उडालेलं वजा जाता पन्नास हजार तरी. ते आता गटारात जातं. पन्हाळीचा पाइप आडाकडे वळवा, मध्ये दगड-खडी-वाळूचा फिल्टर करा, पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायची तोटी ठेवा. मृगाआधी आठवडा आहे.

पांझराकाठ | ३१ मे, दुपारी १२:३०

नवतपा (कडक ऊनना नऊ दिन) चालू से, मास्तर पाइप जोडाले सांगी राह्यनात. त्यासले आधी ताक पाजा.

चोपडेकर_परत | २० जून, सायं. ६:२०

धागा वर काढतो. पाइप जोडला, फिल्टर केला. परवा संध्याकाळी पहिला खरा पाऊस झाला, चाळीस मिनिटं. पहिलं पाणी पिवळं, धुळीचा वास असलेलं, ते बाहेर सोडलं. मग तोटी फिरवली. आडाच्या काठावर बॅटरी धरून आई आणि मी वाकून पाहत होतो. पाणी पडताना आवाज येत होता, दिसत काही नव्हतं. सकाळी तळाला हातभर होतं, दुपारपर्यंत जिरलं.

लिंबाला, जिथून साल खरवडली होती त्याच्या वर तीन ठिकाणी पोपटी फुटवे आले आहेत. एक फांदी मात्र पूर्ण वाळली, ती कापली, कापलेल्या जागी पेस्ट लावली. खड्डे भरून तयार आहेत. दोन आंबे, एक सीताफळ रविवारी येतील. चिकूचा बेत रद्द, चौथा खड्डा आईने गोडनिंबासाठी बळकावला आहे. हिरवळीच्या जागी खुर्ची आहे.

मूळ प्रश्न होता सुरुवात कुठून करू. लिंबाची माती उतरवण्यापासून केली ते बरं झालं.

निंबोळी_जळगाव | २० जून, सायं. ६:५०

फुटवे खोडाच्या अगदी खालून, कलमाच्या जोडाच्या खाली आले असतील तर काढून टाका. वरून असतील तर जपा. पावसाळ्यानंतर दुसऱ्यांदा बोर्डो विसरू नका.

खापरावरची | २० जून, रात्री ८:१०

ते सगळं ठीक. काकूंना फोन झाला का?

चोपडेकर_परत | २० जून, रात्री ८:३५

आईला काल विचारलं. म्हणाली, "आधी तांब्याला कल्हई करून आण. मग बघू."